हर्शीचा आरव्ही शो: आधी स्टिकर, मग गाडी, सही सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात: एडिसन, न्यू जर्सीमध्ये राहणारं कुटुंब. नवरा-बायको, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं, आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आई-बाबा. दारात टोयोटा हायलँडर आहे, हायब्रिड नव्हे, साधी. सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या मोठ्या आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, प्रदर्शनाला जाऊन सहा जणांचा ट्रॅव्हल ट्रेलर (आपल्या गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बघायचा आणि आवडला तर तिथेच घ्यायचा विचार आहे. एका दिवसात एवढं सगळं कसं बघावं, आणि शोमधला भाव खरंच कमी असतो का?

उत्तर:

भाव बऱ्याचदा खरंच कमी असतो. पण तुमच्यासमोरचा पहिला अडथळा भावाचा नाही, हायलँडरच्या दाराला चिकटवलेल्या एका स्टिकरचा आहे. तो न वाचता हर्शीला गेलात तर दिवसभर अशा ट्रेलरमध्ये फिराल की जे तुमची गाडी ओढूच शकत नाही, आणि विकणारा मात्र ‘ओढेल की’ म्हणत राहील. म्हणून निघण्याआधी अर्धा तास घरच्या गाडीपाशी घालवा.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरच्या हवेचं स्टिकर असतं. त्यावर ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको’ असा एक आकडा छापलेला असतो. हा तुमचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत हा आकडा वेगळा निघतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, तिसरी रांग हे सगळं त्यातून वजा होत जातं. म्हणून माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका, स्वतःच्या दारावरचा घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आता हिशेब. समजा स्टिकरवर १,३०० पौंड आहेत. सहा माणसांचं वजन १७०, १४०, १५०, १३०, ८० आणि ६० धरलं तर ७३० झालं. गाडीत ठेवलेलं किरकोळ सामान १००. वजन वाटून देणारी हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची कडी, लावली तर तिचे ५०. आणि ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर जो भार टाकतो, ज्याला टंग वेट म्हणतात, तो ४८० धरू. बेरीज १,३६०. म्हणजे रिकामी गाडी ‘५,००० पौंड ओढते’ असं पुस्तकात लिहिलेलं असूनही तुम्ही ६० पौंडांनी मर्यादेच्या बाहेर गेलात, आणि यात मागे सामानाला जागाच नाही, कारण तिसऱ्या रांगेत माणसं बसली आहेत.

ते ४८० कुठून आले? ट्रेलर रस्त्यावर सापासारखा डुलू नये म्हणून त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा लागतो. १० टक्के ही तळाची रेघ. महामार्गावर ट्रक शेजारून जाताना १२–१३ टक्के असले तर बरं. ५,००० पौंड ओढणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना टंग वेटची मर्यादा ५०० असते. १२ टक्क्यांनी ४,००० पौंडांच्या ट्रेलरचे ४८० होतात, आणि १२.५ टक्क्यांनी ५००. म्हणजे कागदावर ५,००० असले तरी तुमची खरी मर्यादा भरलेल्या ट्रेलरला साधारण ४,००० पौंड. होंडा पायलट ऑल-व्हील ड्राइव्हचंही गणित असंच येतं. हायलँडर हायब्रिड असती तर मुळातली मर्यादाच ३,५०० होती आणि उत्तर इथेच संपलं असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली आहे का तेही बघा. ती असेल तर उंच, चपट्या नाकाचा ट्रेलर वजनात बसूनही वाऱ्यात बसत नाही.

हर्शीला ‘बंकहाउस’ (एकावर एक पलंग, म्हणजे बंक असलेले) म्हणून जे सहा-आठ जणांचे ट्रेलर दाखवतील, त्यातले बरेचसे २५–३० फुटांचे, भरल्यावर ६,५०० ते ७,६०० पौंडांचे. ते पिकअपसाठी किंवा मोठ्या चौकटीच्या एसयूव्हीसाठी आहेत. हायलँडरला चालतील ते १७–१९ फुटी, एका आसाचे (चाकांच्या एकाच जोडीचे), छोट्या बंकचे. त्यात चार जण सुखाने राहतात, सहा जण फक्त दाटीवाटीने झोपतात. तेव्हा तुमच्यासमोर खरे पर्याय तीन: छोटा ट्रेलर घेऊन आई-बाबांसाठी त्याच कॅम्पग्राउंडवर केबिन घेणं, ओढणारी गाडी बदलणं, किंवा दुसरी गाडी बरोबर नेऊन माणसं वाटणं. तिसऱ्या पर्यायात पेलोड एकदम मोकळा होतो आणि दुसऱ्या गाडीचं इंधन-टोल सोडलं तर जास्त काही लागत नाही, पण तो कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं. हे घरी ठरवा. प्रदर्शनात ठरवायला गेलात तर ट्रेलरबरोबर पिकअपही विकत घेऊन याल.

शोचं स्वरूप

‘अमेरिकाज लार्जेस्ट आरव्ही शो’ या नावाने पेनसिल्व्हेनियातल्या आरव्ही आणि कॅम्पिंग व्यावसायिकांची संघटना हे प्रदर्शन भरवते. जागा जायंट सेंटरच्या भोवतीची पार्किंगची मैदानं, म्हणजे हर्शीपार्कच्या शेजारीच. सप्टेंबरच्या मध्याला, सामान्य लोकांसाठी साधारण बुधवार ते रविवार. एक हजाराच्या वर गाड्या उघड्यावर, डांबरावर मांडलेल्या असतात. एडिसनहून आय-७८ आणि मग आय-८१ धरून अडीच तास पुरतात. गणपती बहुतेकदा याच सुमारास येतात, तेव्हा तारीख ठरवताना कॅलेंडर एकदा बघून घ्या.

बुधवार किंवा गुरुवार गाठा. शनिवारी दुपारी प्रत्येक ट्रेलरच्या पायऱ्यांवर रांग असते, आणि आत आठ माणसं उभी असताना पलंगाखालचं फळकूट उचलून बघणं जमत नाही. दार उघडताच आत शिरा आणि सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. गर्दी प्रवेशद्वाराकडून आत सरकते, तुम्ही उलटे या. एक ट्रेलर नीट बघायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे दिवसभरात बारा ते पंधरा, त्याहून जास्त नाही. ‘सगळं बघून घेऊ’ हा नाद सोडा. मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आरव्हींच्या, चकाचक रांगेत घालवलेला एक तास म्हणजे तुमचे तीन ट्रेलर कमी.

आई-बाबांना पहिल्या दिवशी नेऊ नका. सप्टेंबरातलं डांबर दुपारी चांगलंच तापतं, आणि प्रत्येक गाडीच्या तीन-चार पायऱ्या चढणं-उतरणं दिवसाला बारा-पंधरा वेळा होतं. तुम्ही दोघं जाऊन दोन-तीन ट्रेलर निवडा. हॅरिसबर्गला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना फक्त त्या दोन-तीन ठिकाणी न्या. हा दुसरा फेरा फार महत्त्वाचा आहे. रात्री झोप झाल्यावर निम्म्या गाड्या आपोआप नावडत्या होतात.

बरोबर न्यायचं थोडकंच: २५ फुटी मोजपट्टी, टॉर्च, पाणी, पटकन काढता येणारे बूट, आणि हायलँडरच्या स्टिकरचा फोटो. प्रत्येक ट्रेलरपाशी पहिला फोटो त्याच्या स्टिकरचा, मगच आतले. संध्याकाळी तीनशे फोटो बघताना कुठलं स्वयंपाकघर कुठल्या ट्रेलरचं हे कळायला याशिवाय मार्ग नाही.

आत शिरण्याआधी बाहेर

लोक दारातून आत जातात, सोफ्यावर बसतात आणि प्रेमात पडतात. मग वजन आणि चाकं ‘चालतील’ असं वाटू लागतं. तुम्ही क्रम उलटा ठेवा.

पहिलं मिनिट स्टिकरचं. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात बाहेरून एक पट्टी असते. तिच्यावर भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, प्रत्येक आसाची मर्यादा, टायरचा आकार, हवेचा दाब आणि बनवल्याचा महिना. दारापाशी दुसरं स्टिकर: सामानाचं वजन इतक्याच्या वर नको. ही त्या विशिष्ट ट्रेलरची सामान वाहण्याची क्षमता, कारखान्यात बसवलेल्या गोष्टी धरून काढलेली. माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, विसरा. त्या वजनाने कोणी कधी प्रवास केलेला नाही.

ही क्षमता १,००० पौंड दिसली तर भरपूर वाटेल. पण पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा. ३० गॅलनची टाकी भरली की २५० गेले. डीलरने नंतर बसवलेली बॅटरी ५०–६०. भांडीकुंडी, कुकर, तांदूळ-डाळी, मसाल्याचा डबा १८०. सहा जणांची अंथरुणं आणि कपडे १५०. खुर्च्या, ग्रिल, जमिनीवरची चटई ११०. पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, वीजवाहिनी, चाकाखालचे ठोकळे ६०. झाले ८०० च्या वर, आणि अजून सायकली बाहेरच आहेत. क्षमता ७०० च्या खाली दिसली की त्या ट्रेलरमध्ये आत जाऊच नका.

आता भिंत. ट्रेलरच्या कोपऱ्याशी गाल भिंतीला लागेल इतक्या जवळ उभं राहून भिंतीच्या लांबीकडे तिरपं बघा. गुळगुळीत फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंतीत कुठे फुगवटा किंवा लाट दिसली तर आतला थर सुटतोय. नव्या गाडीत हे क्वचित दिसतं, पण दिसलं तर पुढे जा. चिकटवलेल्या भिंतीत आतला थर लाकडी पातळ प्लायचा आहे की अॅझडेलसारख्या कंपोझिटचा, हे विचारा. प्लाय पाणी प्यायला की भिंत सुटते. कंपोझिट सडत नाही. लाकडी चौकटीवर पन्हाळी अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकलेले ट्रेलर स्वस्त असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पत्रा बदलता येतो, फक्त गळती लवकर दिसत नाही.

आरव्हीचा खरा शत्रू पाणीच. खिडक्यांच्या कडा, कोपऱ्यातल्या पट्ट्या, वरचे छोटे दिवे, जिथे जिथे भिंतीला भोक पाडलं आहे तिथे सीलंट अखंड आहे का बघा. छपरावर चढू देणार नाहीत, पण वरचं आवरण टीपीओ, पीव्हीसी की ईपीडीएम आणि त्यावर वॉरंटी किती हे विचारून लिहून घ्या. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर तेही लिहून घ्या.

मग गुडघ्यावर बसून खाली बघा. चाकाच्या कमानीत टॉर्च मारली की उघडी फट, लोंबणारी वायर, गंजलेला सांधा दिसतो. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. मागल्या वर्षीचा न विकलेला ट्रेलर सवलतीत देत असतील तर हा आकडा घासाघीस करायला उपयोगी पडतो. टायरचा लोड रेंज, म्हणजे तो किती भार पेलतो, तेही बघा. आसाच्या मर्यादेपेक्षा दोन टायरांची क्षमता जेमतेमच जास्त असेल तर तो टायर पहिल्या उन्हाळ्यातच दगा देऊ शकतो. ट्रेलरच्या अनेक टायरांना वेगाची मर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ती कोणी पाळत नाही.

सामानाच्या बाहेरच्या कप्प्याची किल्ली बघा. तिच्यावर ‘सीएच७५१’ कोरलेलं असेल तर तीच किल्ली देशभरातल्या असंख्य आरव्हींना लागते. कप्प्यात लॅपटॉप ठेवायचा नाही, एवढंच.

दाराजवळ आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनचा शिक्का असतो. त्याचा अर्थ वीज, गॅस, पाणी, आग यांच्या सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे गाडी बनवली असा निर्मात्याचा दावा. काम सुबक आहे असा नव्हे. आणि ‘फोर सीझन’, ‘हाफ-टन टोएबल’, ‘लाइटवेट’ या शब्दांना कोणतंही एकसमान मानक नाही. ते स्टिकरवर नसतात, फलकावरच असतात.

आत

आत शिरल्यावर आधी पलंगाखालची आणि डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकाखालची झाकणं उचला. तिथे सजावट नसते, म्हणून तिथे कारखाना खरं बोलतो. पाण्याचे पाइप पट्ट्यांनी बांधलेले आहेत की हलतात? वायरींचा गुंता आहे? भुसा तसाच पडलाय? तो भुसा पुढे पंपाच्या गाळणीत आणि मोरीत जातो. ड्रॉवर पूर्ण ओढून बाहेर काढा. कडा स्क्रूने जोडल्या आहेत की फक्त स्टेपलने, ते दिसेल. सिंकपुढे, दारापुढे आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कडेला टाच दाबून चाला. जमीन दबली तर पाणी किंवा ढिलं काम, दोन्ही वाईट.

स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी खोली, शोमध्ये नेहमी उघडीच असते आणि शेजारी दुसरी गाडी टेकलेली असल्याने बंद करून दाखवत नाहीत. म्हणून मोजपट्टी काढा. स्लाइड आत आल्यावर बाथरूमचं दार आणि फ्रिज उघडेल का? विश्रांतीच्या थांब्यावर मुलांना पाच मिनिटांसाठी बाथरूम लागेल तेव्हा सगळी खोली बाहेर काढावी लागणार असेल तर तो ट्रेलर नको. बाहेरून स्लाइडच्या कोपऱ्यातलं रबर दुमडलं आहे का तेही बघा.

मग सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या जागी आडवं व्हा. खरोखर. फलकावरचं ‘स्लीप्स ८’ म्हणजे बऱ्याचदा जेवणाचं टेबल खाली करून केलेला पलंग, ज्यावर साठीच्या माणसाची पाठ एका रात्रीत जाते. मुख्य पलंग आई-बाबांना द्यावा लागेल, आणि तो आडवा, तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला असेल तर आतल्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. ‘आरव्ही क्वीन’ गादी साधारण ६० बाय ७४–७५ इंच असते, घरच्या क्वीनपेक्षा पाच-सहा इंच आखूड. घरच्या चादरी लोंबतील आणि उंच माणसाचे पाय बाहेर येतील. बंकवर किती पौंड चालतील ते तिथेच छापलेलं असतं. बंकजवळच्या खिडकीला लाल मूठ असेल तर ती आपत्कालीन खिडकी. मुलाला स्वतःला उघडता येते का, ते बघा.

बाथरूममध्ये जाऊन दार लावून कमोडवर बसा. गुडघे भिंतीला लागतात का? हातातली फवारणी कमोडजवळ आहे का? बऱ्याच ट्रेलरमध्ये ती कमोड धुण्यासाठी दिलेली असते. नसेल तर बसवायला टी-जोड मिळतो, पण कमोडमागे हात जाईल एवढी जागा लागते.

आता स्वयंपाकघर, जे अमेरिकन खरेदीदार दोन मिनिटांत बघून पुढे जातात आणि आपल्याला वीस मिनिटं लागायला हवीत. शेगडीवरचा मायक्रोवेव्ह किती उंचीवर आहे ते मोजा. पाच लिटरचा कुकर शिट्टीसकट मावतो का, आणि शिट्टीची वाफ थेट मायक्रोवेव्हच्या तळावर आदळते का? तीन बर्नर असले तरी दोन मोठी भांडी शेजारी-शेजारी बसतात का ते प्रत्यक्ष मोजा. १० इंची तवा ठेवल्यावर मागचा बर्नर बहुतेक वेळा निकामी होतो. चिमणीचा पंखा हवा बाहेर टाकतो की कोळशाच्या गाळणीतून पुन्हा आतच सोडतो, हे बाहेरच्या भिंतीवर झडप आहे की नाही यावरून कळतं. आतच सोडणारा असेल तर हिंग-मोहरीची फोडणी गादीपर्यंत पोचते आणि धुराचा अलार्म दर जेवणाला वाजतो. छपरातला १४ इंची पंखा शेगडीच्या जवळ असला आणि दोन्ही दिशांना फिरणारा असला तर बराच त्रास वाचतो. नसेल तर बाहेरची शेगडी किंवा वीजजोड असलेला बाहेरचा कट्टा असलेली मांडणी शोधा. सकाळचे पोहे तिथेच करायचे.

विजेचं एक गणित पाठ करून जा. छोट्या ट्रेलरची जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी सुमारे १,५०० वॅट, मायक्रोवेव्ह १,५००, पाणी तापवायची विजेची सळई १,४००. तिन्ही एकदम लागले की फ्यूज उडणार. वर इंडक्शन लावलं तर आधीच. ५० अँपिअरची जोडणी दोन वाहिन्यांची, १२,००० वॅटची, पण ती मोठ्या गाड्यांना. वीज नसलेल्या जागी, म्हणजे बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर, बॅटरीवर राहायचं. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सुमारे १.३ किलोवॅट-तास असतात. तेवढ्याच शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत. नवीन १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसात यातला मोठा हिस्सा खातो, त्यात रात्री हीटरचा पंखा. ‘सोलर रेडी’ असं लिहिलं असेल तर पॅनेल आहे का हे विचारा. बऱ्याचदा फक्त एक सॉकेट आणि वायर असते.

कोणाचा ट्रेलर, कोणाची सेवा

नावांची गर्दी बघून गोंधळू नका. अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि मालक मोजकेच. जेको, कीस्टोन, एअरस्ट्रीम हे थॉरचे. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशर हॅथवेची. ग्रँड डिझाइन २०१६ पासून विनेबेगोची. खालच्या चौकटी, आस, फ्रिज, एसी तर बऱ्याच ब्रँडना त्याच त्या पुरवठादारांकडून येतात. म्हणून ‘याचा फ्रिज डोमेटिकचा आहे’ हे कारण नव्हे, शेजारच्याचाही तोच असतो. फरक पडतो तो जोडणीच्या कामात, वॉरंटीच्या मुदतीत आणि डीलरमध्ये.

त्यातही डीलर जास्त महत्त्वाचा. पहिल्या वर्षात काहीतरी बिघडतंच: नळाचा जोड, स्लाइडचा मोटर, दाराची कडी. उन्हाळ्यात डीलरची वर्कशॉप भरलेली असते आणि आधी नंबर आपल्याकडून विकलेल्या गाडीचा लागतो. चार तास दूरच्या डीलरकडून दोन हजार डॉलर वाचवून घेतलेला ट्रेलर जुलैमध्ये तिथेच अडकून पडला तर ते दोन हजार गेले. शोमध्ये कारखान्याचे प्रतिनिधीही भेटतात. त्यांना एकच विचारा: न्यू जर्सीत वॉरंटीचं काम कोण करतं, आणि दुसऱ्या डीलरकडून घेतलेली गाडी ते घेतात का? मग शोमधूनच त्या डीलरला फोन लावून तेच विचारा.

भाव

फलकावरची छापील किंमत कोणी देत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरवर तिच्या २५–३० टक्के खाली भाव येणं असामान्य नाही, तेव्हा ‘खास शोचा भाव’ आधी त्या मापाने मोजा. मग डीलरला एकच आकडा मागा: कर, वाहतूक, तयारी, कागदपत्रं, बॅटरी, हिच, सगळं धरून गाडी दाराबाहेर पडताना किती? न्यू जर्सीत नोंदणी केली तर विक्रीकर ६.६२५ टक्के, पेनसिल्व्हेनियात ६. ‘प्रेप फी’ (तयारी) आणि ‘डेस्टिनेशन’ (वाहतूक) नावाखाली हजार-दोन हजार परत चढवले की शोची सवलत गायब होते. ब्रेक कंट्रोलर विसरू नका. या वजनाच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात आणि ते गाडीतून चालवायला कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी लागते.

ते महिन्याच्या हप्त्यात बोलतील, तुम्ही एकूण रकमेत बोला. ३५,००० डॉलर, ८ टक्के, १५ वर्षं: हप्ता सुमारे ३३५ डॉलर, ऐकायला हलका. एकूण जातात ६०,००० च्या थोडे वर. आणि पाच वर्षांनी विकायला काढलात तर देणं बाकी ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त निघू शकतं. आपल्या क्रेडिट युनियनकडून (पतसंस्थेकडून) दर आधी मंजूर करून न्या, मग त्यांच्या वित्त-टेबलावरचं बोलणं लवकर आटपतं. वाढीव वॉरंटी, रंगावरचा लेप, टायरचा विमा, हे शोच्या टेबलावर काही घेऊ नका.

‘तीन दिवसांत परत करता येतं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तात्पुरत्या जागी झालेल्या विक्रीसाठी तीन दिवसांचा केंद्रीय नियम आहे खरा, पण कायमचं दुकान असलेल्या विक्रेत्याने विकलेली मोटर वाहनं त्यातून वगळली आहेत. ट्रेलरच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवून सही करणं म्हणजे वकिलाची सोय. परतावा फक्त करारात लिहिला असेल तरच. म्हणून भाव पटला आणि हातून जाऊ द्यायचा नसेल तर लहान रक्कम क्रेडिट कार्डाने द्या आणि कागदावर तीन ओळी लिहून घ्या: ही रक्कम अमुक तारखेपर्यंत पूर्ण परत मिळेल, हा ट्रेलर अमुक व्हीआयएन (वाहनाच्या ओळख) क्रमांकाचा आहे, किंवा कारखान्यातून नवीन येणार आहे, आणि उरलेली रक्कम आम्ही तपासणी करून समाधान झाल्यावरच देऊ. यातली एकही ओळ लिहायला नकार असेल तर पैसे देऊ नका. शोमध्ये उभा असलेला ट्रेलर घेत असाल तर त्यातून पाच दिवस हजारो माणसं गेली आहेत, बिजागऱ्या आणि पायऱ्या त्यांनी झिजवल्या आहेत, एवढं भावात धरा.

ती तपासणी शोमध्ये होत नाही, डीलरच्या आवारात होते. तीन-चार तास काढून जा. पाणी, गॅस आणि वीज तिन्ही जोडायला लावा. प्रत्येक नळ, प्रत्येक बर्नर, हीटर, एसी, फ्रिज गॅसवर चालत असेल तर गॅसवर आणि विजेवरही, स्लाइड दोनदा आत-बाहेर, टाक्या भरून रिकाम्या. सिंकखाली कोरडा कागदी रुमाल ठेवून अर्ध्या तासाने बघा. स्वतः जमणार नसेल तर नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित तपासनीस पैसे घेऊन हे काम करतात. आणि तपासणीच्या दिवशी जोराचा पाऊस आला तर तारीख पुढे ढकलू नका.